जित्या लेकीचं नाव

सोनबर्डी तांड्यात धनीबाई सगळ्यांना दिसायची. पहाटे हापशीवर दिसायची, दिवसभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचताना दिसायची, सांजेला चुलीपुढं फुंकणी घेऊन बसलेली दिसायची. दिसत नव्हती ती फक्त सरकारला. पण त्यात सरकारचा दोष नाही. त्याचा चष्माच असा, की आधी कागद दिसतो आणि मग, वेळ उरला तर, कागदामागचा माणूस.

सोनबर्डी हा पैनगंगेच्या अलीकडचा, यवतमाळ जिल्ह्यातला तांडा. धनीबाईचं माहेर बरोबर समोर, नदीच्या पलीकडे, म्हणजे परराज्यात. उन्हाळ्यात नदी इतकी आटायची की सोनबर्डीच्या बकऱ्या खूर न भिजवता परराज्यात चरून यायच्या. बकऱ्यांना कुणी दाखला मागत नाही, म्हणून त्यांची प्रकृती चांगली असते. दोन्ही काठांवर बंजारेच. बोली एक, देवी एक, होळीची लेंगी गाणी एक. फरक एवढाच की पलीकडे बंजारा आदिवासी ठरतो आणि अलीकडे आला की भटका विमुक्त. मधल्या पाण्यात उभा राहिला तर तो कोण, यावर अजून शासन निर्णय निघालेला नाही. शहाणे लोक सवलती बघून पलीकडे गेले. धनीबाई उलटी अलीकडे आली, कारण रामधन अलीकडे होता, आणि लग्नाच्या वयात माणसाला सवलती दिसत नाहीत.

लग्नात तिनं रीतीप्रमाणं हवेली गायली. बापाच्या गळ्यात पडून, बापाचं घर भरलेलं राहो म्हणून नवरीनं रडत म्हणायचं हे गाणं. गाणं संपलं, बैलगाडी नदीत उतरली, पलीकडून अलीकडे आली, आणि अशा रीतीनं एक बाई परप्रांतीय झाली. तिला कुणी तसं सांगितलं नाही. ती आपली नव्या घरी भाकरी थापायला लागली.

रामधन हा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा, सरळ मनाचा गडी. त्यानं लग्नानंतर बायकोचं नाव राशनकार्डात चढवायला तालुक्याची कचेरी गाठली. तिथल्या बाबूनं सांगितलं, की पलीकडच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, मग इथं चढवतो. मागणी अगदी रास्त होती. एका माणसानं दोन ठिकाणी जेवू नये, अशी बाबूची काळजी. रामधन सासऱ्याकडे गेला आणि म्हणाला, "मामा, तुमच्या कार्डातून धनीचं नाव तेवढं कापून द्या."

सासरा खेमसिंग खाटेवरून उठून उभाच राहिला.

"जित्या लेकीचं नाव कापू? कोन्या जनमाचं वैर हाय रे तुह्यं?"

त्याची चूक म्हणावी तर चूक, पण ती त्या तांड्याचीच चूक होती. खेमसिंगच्या तांड्यात नाव दोनच माणसांचं कापत. एक मेलेल्याचं, आणि दुसरं जातपंचायतीनं बाहेर टाकलेल्याचं. धनी मेली नव्हती आणि तिनं काही वंगाळही केलं नव्हतं. तिसऱ्या कारणानं नाव कापता येतं, त्याला सरकारी भाषेत 'विवाह' म्हणतात, हे म्हाताऱ्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. लग्न झालं म्हणून लेक कापायची? कापायला ती काय तुरीचं झाड आहे? रामधन दोनदा जाऊन आला, दोनदा चहा पिऊन आला, मग नाद सोडला. धनीबाई वरवर बापावर चिडली. आतून तिला बरं वाटलं, हे खरं. नदीपलीकडे अजून आपल्या नावाचा तांदूळ मापला जातो आणि बाप तो आपल्या नावानं खातो, याचं सुख तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही.

पुढं वीसेक वर्षं याचं काही अडलं नाही. राशनकार्डात नाही म्हणून मतदार यादीत नाही, मतदार यादीत नाही म्हणून आणखी कशात नाही, असं साखळीनं ती कशातच नव्हती. आधारवाले तांड्यात आले तेव्हा तिनं हौसेनं बोटं यंत्रावर ठेवली. यंत्र म्हणालं, बोटांवर रेघा नाहीत. बोंडांची टोकं टोचून टोचून त्या कधीच गेल्या होत्या. आधारवाला पोरगा चांगला होता. तो म्हणाला, "काकू, थोडे दिवस कापूस नका वेचू, मंग या." धनीबाई हसली. बोटांना सुट्टी देऊन पोटाला काय सांगायचं, हे त्या पोराच्या यंत्रात नव्हतं.

मग कापसाची वाईट वर्षं आली. पाऊस दगा देई, भाव पडलेला, आणि जिल्ह्याच्या रस्त्यांवर बोंडांपेक्षा पाहणी पथकांच्या पांढऱ्या गाड्या जास्त. सरकारला या जिल्ह्याची फार कणव आली. गरिबांसाठी मोफत शस्त्रक्रियेची विमा योजना होतीच. इथं कापसाचं संकट म्हणून पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही तीत घेतलं. सातबारा दाखवा, ऑपरेशन करून घ्या. कापूस पेरणाऱ्याची सोय झाली. कापूस वेचणारीनं सातबारा कुठून आणायचा, हा प्रश्न पथकाला सुचला नाही, कारण पथक आलं तेव्हा ती खाली वाकलेली होती.

त्याच वेचणीच्या दिवसांत तिचा दम तुटायला लागला. आधी कापसाची ओळ पुरी करून बसायची, मग अर्ध्यात बसायला लागली. रात्री आडवी झाली की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. तांड्यानं आपापली निदानं केली. कुणी नजर म्हणालं, कुणी पित्त, जाऊ म्हणाली कामाचा कंटाळा. शेवटी पाय सुजले, तेव्हा रामधननं तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं सांगितलं, की हृदयातला वाल, म्हणजे झडप, लहानपणीच्या तापानं खराब झालाय, बदलावा लागेल, आणि पावसाळ्याच्या आत बदलला तर बरं. पैशाची चिंता नको, योजनेत सगळं फुकट आहे.

योजनेच्या खिडकीत जी व्यक्ती बसते तिचं सरकारी नाव आरोग्यमित्र. इथली मित्र मोनाली नावाची तरतरीत मुलगी होती, आणि मुलगी खरंच चांगली होती, हे सांगितलं पाहिजे. तिनं रामधनचं पिवळं कार्ड उघडलं. रामधन होता. त्याचे दोन्ही मुलगे होते. तिघंही बैलासारखे ठणठणीत आणि तिघंही पूर्ण विम्यात. शिवाय रामधनची आई धुरपताबाई होती.

"या आजी?" मोनालीनं विचारलं.

"वारली ती. लय वर्षं झाले," रामधन म्हणाला.

"मग नाव कसं आहे?"

"राहू देलं. कापलं असतं त तिच्या वाट्याचा गहू बंद झाला असता."

म्हणजे पैनगंगेच्या अलीकडे मेलेल्याचं नाव कापत नव्हते आणि पलीकडे जित्याचं. त्यामुळं योजनेचा मामला असा झाला, की मसणात गेलेल्या धुरपताबाईला नवा वाल मोफत मिळू शकत होता. तो ज्या बाईला हवा होता, ती समोर उभी राहून धापा टाकत होती आणि कार्डात कुठंच नव्हती. तांड्यातल्या एका हुशार माणसानं सुचवलंही, की धनीबाईलाच धुरपताबाई म्हणून भरती करा. रामधन दोन दिवस त्यावर विचार करत होता. पण कार्डाप्रमाणं धुरपताबाईचं वय ऐंशीच्या पुढं. धनीबाई म्हणाली, "मी मेली तरी चालीन, पन सासूच्या नावानं नाही जगनार." नाही म्हटलं तरी सासू-सुनेचं जुनं वाकडं होतं.

मग पलीकडच्या राज्यात प्रयत्न केला. तिकडेही अशीच योजना, आणि तिकडच्या कार्डात धनीबाई अगदी हक्कानं होती, बापाशेजारी, फोटोत दोन वेण्या घालून. कागद जुळला. अर्धं काम झालंच होतं, इतक्यात तिथल्या साहेबानं विचारलं, "आता राहता कुठं?" धनीबाईनं खरं सांगितलं. नदीपलीकडे, नवऱ्याच्या घरी. साहेबानं कार्ड मिटून परत दिलं. सगळ्या धावपळीत तिच्या हातून घडलेला गुन्हा तो एवढाच.

आता उरला एकच रस्ता. वैशाखाच्या तोंडी, नदीत वाळू तेवढी उरलेली असताना, धनीबाई स्वतः बापाकडे निघाली. जे अंतर लहानपणी धावत पार व्हायचं तिथं ती चार ठिकाणी बसली. खेमसिंग खाटेवर होता. लेकीला बघून त्यानं दुपट्टा तोंडाला लावला आणि चहा ठेवला. स्वतः मात्र प्याला नाही. "तोंड आलंय," म्हणाला, "तंबाखू बंद केली." म्हातारा माणूस, उन्हाळ्याचे दिवस. तिनं मनावर घेतलं नाही.

बापलेक बोलले ते बंजाऱ्यांच्या गोरबोलीत. इथं ते वऱ्हाडीत सांगितलंय, एवढंच.

"बापू, माह्यं नाव काप," ती म्हणाली.

"नाही."

"मी मरीन न मंग."

"तुह्या याडीचं, तुह्या मायचं, नाव कापलं तवा म्या पाह्यलं. बाबूनं तिच्या नावावर लाल रेघ मारली. सुरकन. इतक्या वर्षाची बाई, आन् एक रेघ." त्यानं कोनाड्याकडं बोट केलं. "आता कार्डात आपुन दोघंच आहो. तू न मी. तुह्यावर रेघ मारली त मंग घरात कोन उरते?"

धनीबाई भांडली. बापू, तू कागदाले लेक समजते, लेक इथी मरून राह्यली, असं मोठ्यानं म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला दम लागला. ओठ निळे पडले. खेमसिंगनं तिला भिंतीला टेकवून बसवलं, पाणी पाजलं. बराच वेळ तो तिची छाती वरखाली होताना बघत राहिला. मग कोनाड्यातून कार्ड काढलं, फडक्यात बांधलं आणि म्हणाला, "चाल. सकाळची यष्टी हाय."

पलीकडच्या कचेरीतला बाबू तेलुगू होता, पण सीमेवरचा असल्यानं नाही म्हणण्यापुरती मराठी त्याला उत्तम येत होती. त्यानं कारण विचारलं. विवाह, असं धनीबाईनं सांगितलं. कधी झाला? तिनं तेही सांगितलं. मागच्या अनुभवावरून तिनं काही शिकायला हवं होतं. बाबूनं चष्मा वर केला. "म्हणजे इतकी वर्षं लग्न झालेल्या पोरीचा तांदूळ उचलला? विवाह लिहितो, पण वसुली निघंल, केस होईल." मग त्याला दया आली. तो हळूच म्हणाला, "मयत लिहून टाकू का? मयताला वसुली नाही."

खेमसिंगनं काठी उचलली ती धनीबाईनं धरली म्हणून बरं. त्या बाबूचा खरं तर काही वाईट हेतू नव्हता. त्याच्या रकान्यांत बसवून तो माणसाचं भलंच करायला बघत होता. थोडा मागं सरकून त्यानं तिसरा रस्ता दाखवला. राज्य सोडून जातो म्हणून पुरं कार्ड जमा करा, कार्डातल्या सगळ्यांच्या नावे एकच दाखला मिळेल, कसली चौकशी नाही.

"मंग माह्यं?" खेमसिंगनं विचारलं.

"तुमचंही जाईल. तांदूळ, दवाखाना, सगळं."

"बापू, नोको," धनीबाई म्हणाली.

खेमसिंगनं फडकं सोडलं. "एकटीवर रेघ नाही मारू देनार," तो बाबूला म्हणाला. "माराची असंन त दोघाईवर मार." त्यानं अंगठा पुढं केला. बाबूनं शाईचं पॅड सरकवलं.

असा खेमसिंग राज्य सोडून गेला. म्हणजे दाखल्यावर. प्रत्यक्षात राज्य सोडून गेलेला हा माणूस रोज संध्याकाळी त्याच खोपटापुढं त्याच खाटेवर बसलेला दिसायचा आणि आल्यागेल्याला रामराम घालायचा.

अलीकडच्या कचेरीत तो दाखला चटकन चालला. मजकूर तेलुगूत असल्यानं वाचायचा प्रश्नच मिटला, आणि शिक्का गोल होता. बाबूनं धनीबाईला कार्डात चढवलं. रामधननं भीत भीत विचारलं, की दाखल्यात सासऱ्याचंही नाव आहे, तेही चढवता का? बाबू हसला. "सासरा कुठं जावयाच्या कार्डात असते का? रकानाच नाही तसा." त्यानं दाखला फायलीत लावला आणि फाईल बांधून टाकली. आधार नाही म्हणून सरपंचानं फोटोवर शिक्का मारून दिला, मोनालीनं वर फोन लावून लावून मंजुरी आणली, आणि मृगाच्या आधी धनीबाईच्या छातीत नवा वाल बसला. ऑपरेशन फार चांगलं झालं. योजनेला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ती पोचली की उत्तम काम करते.

महिन्याभरानं तपासणीला बोलावलं होतं. रामधनला खाडा परवडेना, म्हणून खेमसिंग लेकीसोबत आला. डॉक्टर खूष. मोनालीनं खिडकीतूनच हात केला, "ताई, चेहरा पाहा कसा उजळला!" दुपारी व्हरांड्यातल्या बाकावर धनीबाईनं भाकरी सोडली. खेमसिंगनं एक तुकडा मोडला, हातातच धरून ठेवला. दुपट्टा काही तोंडावरून काढेना.

"जेव न, बापू."

"तू जेव."

तिनं दुपट्टा ओढला. एका बाजूचा गाल फुगलेला होता. तोंड उघड म्हणाली, तर ते बोटभरसुद्धा उघडेना. धनीबाईनं जेवण तसंच टाकलं आणि त्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं बॅटरी लावून गालाच्या आत बघितलं, बराच वेळ बघितलं. गाठ आहे, म्हणाला. कॅन्सरची वाटते, कापावी लागेल, उशीर नको. काळजी करू नका, योजनेत होतं सगळं, खाली मोनालीकडं जा.

धनीबाई घाबरली, पण तिला धीरही आला. आता तिला वाट माहीत होती. खिडकीत जाऊन तिनं कार्ड मोठ्या रुबाबात काचेखालून आत सरकवलं. "पोरी, आता माह्या बापाचं करून दे."

मोनालीनं कार्ड वरून खाली वाचलं. मग परत वाचलं. "ताई, यांचं नाव यात नाही. यांचं कार्ड कुठंय?"

धनीबाईनं बापाकडे पाहिलं.

मोनालीनं खिडकीतून मान बाहेर काढली. "आजोबा, आधी कुठं दाखवलं होतं का?"

"दाखवलं न. आमच्या तिकडं. होळीच्या वक्ताले."

"काय म्हणाले ते?"

"हेच," खेमसिंग म्हणाला. "मोठ्या दवाखान्यात जा म्हने. कार्डावर फुकट होते म्हने."

धनीबाईला अक्षर येत नव्हतं. महिन्यांचा क्रम येत होता. होळी आधी. कार्ड जमा केलं ते नंतर, वैशाखात. अंगठा पुढं करताना बापाच्या गालात हे होतं. त्या कार्डावर ते निघालं असतं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

"बापू," ती म्हणाली, "तुले माहीत होतं?"

"कार्ड एक होतं न बाई," खेमसिंग म्हणाला. त्याला नीट बोलता येत नव्हतं. "मानसं दोन. जुन्या बैलाले नाल कोन ठोकते?"

मोनाली दोघांकडे बघत होती. जावयाच्या कार्डात घालून बघा, ती घाईघाईनं म्हणाली, पलीकडून यांचं नाव कमी केल्याचा दाखला आणा, मी लगेच वर बोलते. तो दाखला तालुक्याच्या फायलीत बांधलेला होता, आणि दुसरा देणारे म्हणणार होते, की राज्य सोडून गेलेल्या माणसाशी आमचा संबंध नाही. मोनालीला हे ठाऊक नव्हतं. धनीबाईला होतं.

तिनं खिडकीची कड धरली आणि हंबरडा फोडला. रांगेतली माणसं मागं सरली. खेमसिंग तिच्या पाठीवरून हात फिरवत, उगी, उगी, म्हणत राहिला.

"ताई, असं रडू नका," मोनाली घाबरून म्हणाली, "ऑपरेशनला महिनाच झालाय, छातीच्या हाडावर ताण येते."

पण काळजीचं काही कारण नव्हतं. हाड तारेनं आवळून बांधलेलं होतं. तार योजनेतली होती, मोफत, आणि चांगल्या प्रतीची. धनीबाई लहान पोरीसारखी ओरडून रडली, आणि तार जागची हलली नाही.